व्याह्यांचा सायकलवरचा परदेश

रविवार दुपार, नारायणगाव, आमचं घर. हजर: पारगावचे आमचे व्याही, विहीणबाई, आमचे हे आणि मी. विषय: हॉलंड. व्याही आले की दुसरा विषय निघतच नाही. परदेश पाहावा तर या माणसानेच. माझी लेक तिथे राहते आणि जावई म्हणजे यांचा मुलगा, तेव्हा हॉलंड दोन्ही घरांना सारखा वाटून यायला हवा होता. व्याह्यांनी तो परस्पर आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतला आहे.

सायकलला किटल्या अडकवून त्यांनी जन्मभर डेअरीला दूध घातलं. हॉलंडला पोचल्यावर त्यांनी सुनेकडची जुनी सायकल बाहेर काढली, पायजम्याला सुतळी बांधली, टोपी नीट केली आणि जे निघाले ते संध्याकाळीच परतले. पुढे तोच नेम झाला. तिथे चौकाचौकांत, बागाबागांत पुतळे आणि कसल्या कसल्या कलाकृती उभ्या असतात. व्याही प्रत्येकीसमोर थांबायचे, आधी सायकलची घंटी वाजवायचे आणि मगच पाहायचे. "देवळात घंटा वाजवतो आपण, मग ह्यांनी काय घोडं मारलंय?" हे त्यांचं म्हणणं. मधोमध भोक असलेल्या एका भल्यामोठ्या दगडाला त्यांनी जातं ठरवलं आणि याचा खुंटा कुठे गेला, अशी शेजारच्या डच बाईंकडे मराठीत चौकशी केली. त्या बाईंनी यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

एका बागेच्या कडेला नगरपालिकेने मुद्दाम रानगवत आणि रानफुलं वाढू दिली होती. तशी पाटीही होती, पण डचमध्ये. व्याह्यांना वाटलं, इथेही मजूर मिळत नसणार. त्यांनी सायकल लावली, बैठक मारली आणि दुपारपर्यंत अर्धा पट्टा निंदून लखलखीत केला. माळी आला तो डोक्याला हात लावून उभा राहिला. दुसरा कुणी असता तर चौकीवर गेला असता. हे माळ्याच्या डब्यातला पाव खाऊन आले.

मी गेले ती व्याह्यांनंतर. काय काय पाहायचं ते इथूनच क्रमवार ठरवून नेलं होतं. राजवाडा, संग्रहालय, पवनचक्क्या, सगळं बसने आणि ट्रामने ठरल्या वेळी पार पडलं. पण लेकीच्या तोंडी प्रत्येक वळणावर मामा, म्हणजे तिचे सासरे. इथे मामा घसरले, ह्या बाकावर मामांनी तंबाखू मळली. शेवटी मी म्हटलं, मामांच्या फोटोतला तो बैल तरी दाखव. म्हणाली, "आई, तिथे सायकलनेच जावं लागतं गं. तुला कुठे येते?"

हा बैल म्हणजे गावाबाहेरच्या बागेतला पंचधातूचा पुतळा. भादव्यातला पोळा आला तेव्हा व्याह्यांच्या नजरेत दुसरा बैल नव्हता. त्यांनी बादलीने त्याला न्हाऊ घातलं, शिंगांना गोंडे बांधले, गुलाल लावला आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पोळी केली कुणी, तर माझ्या लेकीने. जिला मी अख्खी सुट्टीभर पुरण शिकवू पाहिलं आणि जिने 'विकत मिळतं' म्हणून मला वाटेला लावलं, तिने. दोघं आपापल्या सायकलीवर, हँडलला डबा अडकवून गेली. त्या फोटोत ती हसते आहे, तशी माझ्यासोबतच्या एकाही फोटोत हसलेली नाही. व्याही माणूस चांगला आहे. तोच तर सगळा त्रास आहे.

रविवारी मात्र ते पाय लांब करून बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सायकल बंद केली, यंदा हॉलंड नाही. ऐकून मला बरं वाटलं, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून लाल-पिवळे लोकरी गोंडे काढले. बसल्या बसल्या स्वतः वळलेले.

"ताई, यंदा पोळ्याला तुमी हाय तिथं. बैलाला एवढं बांधा."

लेक बांधेल की, मी म्हटलं.

"बांधंल वो. पण एकली न्हाई धाडायची तिला. त्या साली सणाच्या आदल्या दिशी तुमच्या हातच्या पोळीची याद काढून लई रडली व्हती पोर. मला काय सुचंना, म्हनून बैलाची टूम काढली."

मी गोंडे हातात घेतले. चांगले घट्ट वळले होते.

तिकीट झालं आहे. डाळ, गूळ, वेलदोडे, जायफळ बांधून झालं. गोंडे बॅगेत सगळ्यात वर ठेवले आहेत. सायकल शिकायची तेवढी राहिली आहे.