पडद्यावरचा परका आवाज

पाऊस झाला की शूटिंग सुरू करायचं, असं मी ठरवलं होतं. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. पुण्यात मालिकांच्या एडिटिंगला सहायक म्हणून काही वर्षं काढली होती. आता कॅमेरा भाड्यानं ठरला होता, मित्रांनी कामातून सुट्ट्या काढल्या होत्या. हीच माणसं पुढच्या वर्षी जमतील याचा भरवसा नव्हता. म्हणून दुष्काळातच नारळ फोडला. केज आणि अंबाजोगाईच्या मधे माझं आजोळ आहे, तिथं.

सिनेमा होता सहकारी साखर कारखान्याच्या एका म्हाताऱ्या सभासदाचा. कारखाना बंद पडलाय, घरातली सून ऊस तोडायला परमुलखात जाते, आणि म्हातारा रोज बंद फाटकापर्यंत चालत जाऊन येतो. एवढीच गोष्ट. म्हाताऱ्यासाठी मी नट शोधला नाही. आमच्या बुद्धवाड्यातले एक बाबा, तरुणपणी जलशात गायचे. आवाज खरबरीत, पण असा की चार घरं पलीकडं कळावं कोण बोलतंय. गावाजवळच्या खऱ्या कारखान्याच्या बांधकामावर त्यांनी दगड वाहिले होते. सभासद मात्र कधी झाले नाहीत, कारण त्याला उसाचं रान लागतं.

"म्हंजे शिनेमात तरी सभासद झालो म्हनायचं," ते हसून म्हणाले.

सुनेचं काम त्यांच्या खऱ्या सुनेनंच केलं. ती दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जायची, त्यामुळं तिला काही शिकवावं लागलं नाही.

सरपंचांनी एकच अट घातली. "शूटिंग खुशाल करा. पन पानी तुमचं तुमी आना. गावाच्या टँकरला हात लावायचा न्हाई." आम्ही अंबाजोगाईहून जार आणायचो. आंघोळी जवळजवळ बंदच होत्या. त्यात कारखान्याचं संचालक मंडळ बदललं आणि आधीच्यांनी तोंडी दिलेली परवानगी नव्यांनी नाकारली. फाटकाचे प्रसंग रस्त्यावरून, जीपच्या आडोशानं घेतले. हे सगळं सोसवत होतं. सोसवलं नाही ते बोअरचं मशीन.

त्या वर्षी ज्याला त्याला जमिनीतून पाणी हवं होतं. लांबून आलेल्या बोअरच्या गाड्या शिवारात उभ्या असायच्या, आणि दिवसभर दगड फोडल्याची घरघर. आवाजाचं काम बघणारी मुलगी पुण्याची होती. कानाला हेडफोन लावून ती बसायची आणि प्रत्येक शॉटला मान हलवायची. "दादा, परत मशीन." एक गाडी गेली की दुसरीकडं सुरू. एकदा मी स्वतः जाऊन एका शेतकऱ्याला विनवलं, की थोडा वेळ थांबवा.

तो मातीनं पांढरा झाला होता. माझ्याकडं बघतच राहिला. "पानी लागायच्या टायमाला मशीन बंद करू? का म्हून रं? तुझ्या शिनेमासाठी?"

मी परत आलो. ठरवलं की आता चित्र घ्यायचं, आवाज नंतर पुण्यात डब करायचा. बरेच जण तसंच करतात, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही.

विहिरीचा प्रसंग त्याच दिवसांत झाला. कोरड्या विहिरीच्या काठावर बसून म्हातारा सुनेला सांगतो की कारखान्याचा पहिला भोंगा वाजला तेव्हा आख्खा गाव रस्त्यावर आला होता. लिहिलेलं सोडून बाबा आपल्या मनचंच बोलले. मशीन चालू म्हणून मोठ्यानं बोलले, बोलता बोलता डोळे भरले. त्या मुलीनं हेडफोन काढून हातात घेतले. मी ओके म्हणालो.

शेवटचा भाग उरला असताना ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आला. जवळपासच्या कारखान्यांना ऊसच नव्हता, त्यामुळं टोळी कर्नाटकात जायची होती, आणि नेहमीपेक्षा लवकर. मी सुनेला गाठलं. "ताई, एवढा शेवट होऊ द्या. मग मी स्वतः नेऊन सोडतो."

"दादा, कोयता जोडीचा असतो," ती म्हणाली. "मी हितं ऱ्हायले तर ह्येंनी कुनासंगं तोडावं?"

पेटी, चुलीचं सामान आणि कोंबड्या घेऊन ती ट्रॅक्टरवर चढली. बाबा रस्त्यापर्यंत गेले. कॅमेरा तेव्हा गाडीत बांधून ठेवलेला होता.

ती परत आली की शेवट आणि डबिंग करायचं ठरलं होतं, पण त्याआधीच बाबा गेले. उन्हाळा नुकताच लागला होता. सकाळी अंगणात बसले ते उठलेच नाहीत. निरोप पोचेपर्यंत आणि ती दोघं तिकडून निघेपर्यंत इकडं सगळं उरकलं होतं. अंत्यविधीला मी होतो, मुलगा आणि सून नव्हते.

हंगाम संपल्यावर तिला डबिंगसाठी पुण्याला नेलं. काचेमागची लहानशी खोली, समोर पडदा. तिचा पहिलाच प्रसंग असा होता की म्हातारा म्हणतो, "सूनबाई, पानी दे," आणि ती म्हणते, "देते, मामा." पडद्यावर बाबा आले. तिनं तोंड उघडलं नाही. डबिंगमधे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. बाबा पुन्हा आले, पुन्हा पाणी मागितलं. मी काचेतून खूण करत होतो. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "दादा, हितं तर मामा जित्ते हायेत की." मग म्हणाली, "दुसऱ्या कुनाचा बी आवाज घाला. मला न्हाई जमायचं."

तिच्यासाठी पुण्याची एक नटी बोलावली. बाबांसाठी अंबाजोगाईचे एक निवृत्त मास्तर, नाटकात काम केलेले. दोघांनी ओठांना शब्द अचूक जुळवले. उरलेला शेवट कधीच घेता आला नाही. रिकाम्या रस्त्यावर सिनेमा थांबवला.

गावात दाखवला तो सोसायटीच्या गोदामात, भर दुपारी. खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. वर पत्रा तापलेला, आत खताचा वास. आपापली घरं, आपापली शेरडं ओळखून लोक हसत होते. मग बाबा पडद्यावर आले आणि बोलायला लागले. हसू थांबलं.

पुढंच बसलेली त्यांची बायको मोठ्यानं म्हणाली, "ह्यो कोन बोलतोय?"

ती मागं वळून लोकांकडं बघायला लागली.

"अरं, त्येंचा आवाज कुटं गेला?"

सुनेनं सासूच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारी थोडा वेळ बसली, मग जमिनीला हात टेकून उठली आणि दार लोटून निघून गेली. आत उन्हाची तिरीप आली आणि पडद्यावरचं चित्र पुसट झालं. दार कुणी लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. विहिरीच्या प्रसंगाचा, शूटिंगच्या वेळी ओठ जुळवण्यापुरता घेतलेला मूळ आवाज म्हातारीला ऐकवला. एकसारखी घरघर, आणि तिच्या आत कुठं कुठं बाबा.

"त्ये मशीन बंद कर की, लेकरा."

"मावशी, ते आता वेगळं होत नाही."

खरंच होत नव्हतं. त्या मुलीनं पुण्यात खटपट करून पाहिली होती. घरघर काढली की बाबांचा आवाजही तिच्याबरोबर जायचा. म्हातारी कान देऊन बसली. शेवटी म्हणाली, "न्हाई वळखू येत," आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली.

सिनेमा महोत्सवांना पाठवला. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. सिनेमे विकत घेणाऱ्या मुंबईच्या एका गृहस्थांनी मात्र पूर्ण पाहिला. "माणसं खरी वाटतात," ते म्हणाले, "पण बोलली की खोटी वाटतात. आवाजाचं काहीतरी करा." करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मित्र आपापल्या कामाला लागले. भेटले तर सिनेमाचा विषय टाळायचे, मीही टाळायचो.

मी अंबाजोगाईत एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायला लागलो. पुढच्या हंगामाच्या तोंडाला केजच्या स्टँडबाहेर बाबांची सून दिसली. टोळीचा ट्रक उभा होता, नवरा वर सामान चढवत होता.

"जय भीम, दादा. दुसरा शिनेमा कवा काढनार?"

"नाही काढणार, ताई. लग्नाचे व्हिडिओ करतो आता."

"बरं हाय की. काम तर हाय." तिनं वर हात दिला, नवऱ्यानं तिला ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिंद्रुडला एका लग्नाचं शूटिंग होतं. मी बॅटऱ्या घ्यायला बाजाराकडं वळलो.