गच्चीवर नेलेली पेटी
रोपांच्या नर्सरीत ओल्या गोणपाटाचा वास आला की मला दिल्लीच्या मयूर विहारमधला आमचा जुना फ्लॅट आठवतो. सरकारच्या नव्या आर्थिक धोरणांत बाबांचा सरकारी कारखाना बंद पडला आणि वर्षभर ते घरात गप्प बसून राहिले. मग त्यांनी बाल्कनीत एका लाकडी पेटीत गांडुळं पाळायला घेतली. खत सोसायटीतल्या कुंड्यांना जायचं, थोडी गांडुळं माशांचं खाद्य म्हणून रंगीत माशांच्या दुकानात. भाजीची सालं बारीक चिरून पेटीत घालता घालता बाबा पुन्हा आमच्याशी बोलू लागले होते. मे महिन्यात ताईला बघायला पाहुणे येणार होते. बाबा त्यांना आणायला स्टेशनवर गेले, तेव्हा आई मला म्हणाली, "ती घाण आज नजरेआड कर गं." मी पेटी उचलून गच्चीवर ठेवली आणि पाहुण्यांच्या गडबडीत साफ विसरले. संध्याकाळी बाबांनी वर जाऊन पेटीवरचं गोणपाट उचललं. माती तापून कोरडी झाली होती आणि सगळी गांडुळं एका कोपऱ्यात, एकमेकांत गुंतून मेली होती. "सावली शोधत होती गं," एवढंच ते म्हणाले. मी रडत म्हटलं, "आपण दुसरी आणू ना, बाबा. बिल्कुल अशीच." त्यांनी मान हलवली, पण पुन्हा कधी आणली नाहीत, आणि हळूहळू बोलणंही थांबलं. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पेटी नेताना जिन्याच्या वळणावरची सावली मला दिसली होती; पण तिथे शेजाऱ्यांनी पेटी पाहिली असती याची मला लाज वाटली, हे मी बाबांना कधीच सांगितलं नाही.