डाव्या हाताचं अक्षर

माझा मित्र आणि मी एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत आम्ही नवी पेठेत एखाद्या पायरीवर बसून स्केचिंग करायचो. चित्र झालं की मी वही मिटायचो. तो मात्र चित्राभोवती लिहीत बसायचा. घरात उर्दू, शाळेत मराठी, म्हणून पानावर दोन्ही यायच्या. हातगाडी काढली की डावीकडून मराठी ओळी चाकाला वळसा घालत यायच्या, उजवीकडून उर्दू, आणि गाडीखाली दोन्हींची मिळून सावली व्हायची. मजकूर साधाच. ऊन कुठवर आलं, गाडीवाला काय म्हणाला.

गेल्या वर्षी त्याला लकवा झाला. उजवा हात गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं, भाभींनी, वह्या कपाटावर टाकल्या होत्या. "दिसल्या की हे रडतात," त्या म्हणाल्या.

मी नवी वही नेली. त्यानं ती ढकलली. जड जिभेनं म्हणाला, "रेषच येत नाही की. काय काढू?"

"काढू नकोस. डाव्या हातानं लिही."

"काय?"

"दिसेल ते."

चिडून त्यानं 'खिडकी' लिहिलं. एका शब्दानं अख्खं पान खाल्लं. 'ख' फुटलेला, वेलांटी घसरलेली. तो बघत राहिला. "हे माझं अक्षर नाही." मी पान उलटलं. त्यानं परत 'खिडकी' लिहिलं, या वेळी सावकाश.

मग तो रोज लिहू लागला. मराठी लिहिताना ओली शाई हाताखाली फासली जायची, उर्दू लिहिताना नाही. हे लक्षात आलं तेव्हा आजारानंतर पहिल्यांदा तो हसला. पुढे तो मुद्दाम फासू लागला, छटा दिल्यासारखी.

उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि तो गेला.

आम्ही छोटं प्रदर्शन भरवलं. मी जुनी स्केचेस निवडली होती. भाभींनी शेवटची वही पुढं केली. "हीपण लावा."

"लोकांना वाचता येणार नाही, भाभी."

"नाही आलं तर नाही. हे लिहायला त्यांना लई कष्ट पडले."

पानं लावली. एक बाई एका फासलेल्या पानापुढं थांबल्या. "ढग आहेत का हे?" त्यांनी विचारलं. भाभी जवळ गेल्या. ओळीवरून बोट फिरवत त्यांनी वाचलं, "आज भाकरी माझी मी मोडली."

भाभी पुढच्या पानाकडे सरकल्या आणि तेही वाचू लागल्या.