वजनावर मजुरी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मुलांना सांगितलं, 'मालकाशी भांडून गिरणी सोडली.' खोटं. मी भांडलो नव्हतो.

लातूर नवा जिल्हा झाला होता. साहेबांच्या गाड्या वाढल्या, पाऊस मात्र नव्हता. जळकोटजवळच्या डाळ गिरणीच्या फाटकाशी खेड्यांतल्या बायका उजाडायच्या आत येऊन बसायच्या. आत तुरीच्या डाळीतले खडे निवडायचं काम. मी तिथे कारकून, आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक. मालकाच्या खोलीत रिकामी खुर्ची असायची. मी मात्र दारातूनच कागद पुढे करायचो.

जळकोटची गिरजाबाई रोज म्हणायची, "जयभीम, भाऊ." मालक जवळ असला की मी नुसती मान हलवायचो.

मालकाला कमी बायकांत जास्त माल हवा होता. युक्ती मी दिली. हजेरी बंद करा, निवडलेल्या डाळीच्या वजनावर मजुरी द्या. मालक हसला. "अरे, तुमच्यातही डोकं असतं की! ये, बस."

'तुमच्यातही' ऐकलं. तरी बसलो.

निम्म्या बायका घरी गेल्या. उरलेल्यांचे हात पळू लागले. पोती भराभर भरली. आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याने तशीच परत पाठवली. डाळीत खडेच खडे.

मालकाने गिरजाबाईला बोलावलं. तिचा हात सगळ्यांत जलद. परत आलेल्या डाळीची मूठ तिच्यापुढे धरली.

"चाव."

तिने चावली. कडकन आवाज झाला. दाताचा तुकडा, रक्त, डाळ, सगळं ती त्याच्या टेबलावर थुंकली.

"हात वजनाकडं पळत व्हते, मालक. खडा बघायची मजुरी तुमीच बंद केलीत. कुणाची अक्कल हाय ही?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत होतो. उठलो नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमचं काम," म्हणत ती फाटकाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून मीही गेलो नाही. त्यात शौर्य नाही. त्या खुर्चीची किळस आली होती. त्याहून जास्त माझी.

फार वर्षांनी जळकोटला तिच्या दारात गेलो. "जयभीम, भाऊ. च्या घ्या." ती भाकरी चहात बुडवून एकाच बाजूने चावत होती. माझी बशी रिकामी झाली. मी उठलो, एस.टी. पकडली.

ती आता नाही. येत्या पौर्णिमेला तिच्या वस्तीच्या विहारात, तिच्या लेकीसमोर, हा कागद मी वाचणार. म्हातारा म्हणून खुर्ची देतील. बसणार नाही.

'गिरजाबाई, ती अक्कल माझी होती. माफ करा.' त्या दिवशी तिच्या दारात एवढंच म्हणायचं होतं. चहा पिऊन आलो.