डोळे कोणी आखले

"मावशी, तुम्ही फ्रेममधून जरा बाजूला व्हा. शेठना बसू दे."

असं आमचे सर म्हणाले. मावशी म्हणजे माझी आई. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, माइकची काठी धरून. ती माझी आई आहे हे सरांना माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आई उठली, ब्रश शेठच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. लेकीची अडचण तिला न सांगताच कळली होती.

मी पेणच्या एका छोट्या कॉलेजात पत्रकारिता आणि जनसंवाद शिकते. वर्गात चौदाजण, कॅमेरा एक, एडिटिंगचा कॉम्प्युटर एक. शेवटच्या वर्षाला माहितीपट करावा लागतो. हमरापूरकडे घराघरात गणपती घडतात, त्यामुळे विषय ठरलेलाच. सरांनी ओळखीच्या शेठचा कारखाना निवडला. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाला हे शेठ पहिल्या रांगेत. त्याच कारखान्यात आई बावीस वर्षं आखणी करते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी तोंडाला कुलूप. का? लाज वाटली, दुसरं काय. वर्गात मी सांगून बसले होते की आई घरीच असते.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळं रंगकाम झालं की सर्वांत शेवटी. हात स्थिर असेल त्यालाच हे काम मिळतं. आई ब्रश टेकवताना श्वास रोखते आणि तेवढा वेळ शेजारच्या बायाही बोलायच्या थांबतात. शेठने ब्रश धरून कितीतरी वर्षं झाली असतील. पण त्या दिवशी नवा झब्बा घालून कॅमेऱ्यासमोर बसले, ब्रश रंगात बुचकळला आणि टेकवला. बुबुळ ओघळून गणपतीच्या गालावर आलं.

कोणी हसलं नाही. आई पुढे झाली. ओल्या फडक्याने डोळा पुसला, अंगाचा रंग लावला, पंख्याखाली वाळू दिला, पुन्हा आखला. मग दुसराही आखला. त्यानंतर शेठ परत पाटावर बसले आणि आखून झालेल्या डोळ्याजवळ कोरडा ब्रश फिरवत राहिले. आयत्या बिळावर नागोबा. कॅमेरा मात्र चालूच होता, सगळं रेकॉर्ड झालं.

जाता जाता सरांनी आईलाही दोन प्रश्न विचारले. ती म्हणाली, "सासूनं शिकवलं मला. पयल्या वर्षी हात कापायचा. आता डोळा माझ्याकडं बघाय लागला, का मंगच ब्रश उचलते."

एडिटिंग माझ्याकडे आलं, कारण वर्गात ते मलाच जमतं. मी सगळं ठेवलं. ओघळलेला डोळा, आईचा हात, तिचं बोलणं. सरांनी बघितलं.

"हे काढ."

"सर, पण डोळे तर त्यांनीच..."

"जरा प्रोफेशनल हो. बघणाऱ्याला कलावंत बघायचा असतो, मजूर नाही. त्या बाईच्या हातांचे दोन शॉट ठेव. वातावरणाला बरे."

त्या बाईच्या. मी काढलं. माझ्याच बोटांनी. आईचा आवाज काढला आणि तिथे बासरी टाकली. तिच्या हातांवर सरांनी निवेदन चढवलं, 'निरक्षर हातांनी केलेली सेवा.' आई सातवी झालीय, रोज पेपर वाचते. पहिल्या वर्षी याच सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, बातमीत पहिला प्रश्न 'कोण'. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कॉलेजांची माहितीपट स्पर्धा रोह्याला होती. आम्ही एसटीने गेलो, शेठ स्वतःच्या गाडीने. फिल्म चालली. शेवटच्या नावांत मूर्तिकार म्हणून शेठ, आभार म्हणून नाश्ता देणारा हॉटेलवालासुद्धा. आई कुठेच नाही. परीक्षक बाईंनी विचारलं, "डोळे फार जिवंत आहेत. कोणी आखले?"

सरांनी शेठकडे हात केला. शेठ उठले, हात जोडले. टाळ्या पडल्या.

ते हात जोडणं मला सहन झालं नाही. माझं डोकं फिरलं. फिल्म लावायला मी पुढेच लॅपटॉपजवळ बसले होते, उभी राहिले.

"ते डोळे शेठनी नाय आखले. माझ्या आईने आखले. सुनंदा तिचं नाव. शेठचा डोळा ओघळला होता. ते मी कापलं."

"खाली बस," सर दातओठ खात म्हणाले.

मी बसले नाही. लॅपटॉपमध्ये मूळ चित्रीकरण होतं, ते लावलं. ओघळ, फडकं, आईचा हात, मग कोरडा ब्रश. पडद्यावर सगळ्यांनी बघितलं. शेठ उठून गेले. बक्षीस कुणा दुसऱ्यालाच मिळालं आणि येताना एसटीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. घरी येऊन ती माझ्यावर कडाडली, "तुला कोणी सांगितलं व्हतं गो बोलायला? माझ्या नावानं काय चूल पेटणार हाय?" सीझनच्या मधोमध नवीन माणसाला आखणी कोण देणार? बावीस वर्षं डोळे काढलेली बाई आता दुसऱ्या कारखान्यात मूर्ती घासते. संध्याकाळी केसांत पांढरी धूळ घेऊन घरी येते. हे माझ्यामुळे झालं, हे मला रोज दिसतं. पण तिचं नाव घेतलं याचा पस्तावा मला होत नाही. आधी कापलं, याचा होतो.

सरांनी केबिनमध्ये बोलावून कोरा कागद पुढे ठेवला. "शेठची लेखी माफी माग. नाहीतर प्रॅक्टिकलचे मार्क विसर."

मी लिहिलं, 'त्या मूर्तीचे डोळे माझी आई सुनंदा हिने आखले. मी ते फिल्ममधून कापलं. त्याबद्दल मी तिची माफी मागते.' खाली सही केली आणि कागद सरकवला.

सरांनी वाचलं. "वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे, सर. पुढच्या वर्षी परत बसेन. फिल्म हीच आणणार. पहिला शॉट आईच्या तोंडाचा असेल, नावासकट. तेव्हाही नापास करायचं तर करा."