वासाक सातबारो लागना नाय

सुमन सावंतला पोस्टकार्ड आलं की मी आधी आमच्या खिडक्या लावून घेत असे. कार्ड ती जिन्यातच वाचायची, उलटून पालटून बघायची आणि आमची कडी वाजवून फक्त वार सांगायची. "वैनी, आयतवार." म्हणजे रविवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरातून सुक्या बोंबलांचा धूर निघणार आणि आमच्या देवापुढच्या उदबत्तीचं काही चालणार नाही, एवढं मी समजून जायची.

घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. मी पार्ल्याच्या जोश्यांकडची, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या घरातली. ती मालवणकडची, एका विमा कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. ऑफिसात शुद्ध मराठी बोलायची, पण राग आला की थेट गावच्या भाषेत शिरायची. ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं मी तिची मालवणीच जास्त ऐकली.

तिचा नवराही मालवणकडचाच, औषधांच्या कंपनीत होता. टाय लावून हिंडायचा. दर रविवारी त्याला डाळ-भाताबरोबर विस्तवावर भाजलेला बोंबील लागायचा, आणि तो कुरकुरीत नसला की ताट सरकवून उठायचा. हे मी समोरच्या दारातून कितीदा पाहिलं आहे. सुमन दुसरा भाजायला घ्यायची. पुढे त्याने बोरिवलीत दुसरं बिऱ्हाड केलं आणि घटस्फोटाचा दावा लावला. दाव्यात लिहिलं काय, तर बायको अडाणी वळणाची आहे आणि घरात सदैव मासळीचा वास मारतो, त्यामुळे चार प्रतिष्ठित माणसं घरी आणता येत नाहीत.

तो कागद सुमनने मला वाचून दाखवला. ऑफिसातलं पत्र वाचावं तसा, एका सुरात. मग घडी घालून म्हणाली, "कोर्टाक सांगल्यान ना वास येता म्हणान? मगे येऊ दे."

घटस्फोट झाला. मनीषा आणि धाकटा विनय, दोन्ही मुलं आईकडे राहिली. राहता राहिलं घर. ते दोघांच्या नावावर होतं, आणि ते घेताना सुमनचे सगळे दागिने विकले गेले होते, पण दागिन्यांची पावती कोण ठेवतं? कोर्टाने निम्मं निम्मं ठरवलं. वर्षभरात नवऱ्याने गिऱ्हाईकं आणायची. शेवटी जी सर्वांत मोठी बोली टिकेल तिच्या निम्मे पैसे सुमनने त्याला दिले तर घर तिचं. नाही तर घर विकून दोघांनी पैसे वाटून घ्यायचे आणि तिने मुलांना घेऊन कुठेही जायचं. गिऱ्हाईक आणण्याआधी दोन दिवस त्याने लेखी कळवावं, असंही ठरलं. म्हणून ती पोस्टकार्डं.

आमच्या गल्लीत घर बघायला येणारी मंडळी बहुतेक गुजराती, शाकाहारी. जैनांचं देरासर जवळ, बाजार जवळ, म्हणून भावही चढा. भिंतीसुद्धा न बघता पहिल्या गिऱ्हाइकाने बाहेरच्या बाहेर जो आकडा सांगितला, त्याच्या निम्मे उभे करायला सुमनला दोन जन्म लागले असते. फंडातून आणि भावाकडून मिळून ती किती जमवू शकते हे तिला पक्कं ठाऊक होतं. आकडा तिथपर्यंत खाली आणायचा होता.

ओल्या मासळीचा वास तासाभरात जातो, सुक्याचा पडद्यात मुरतो, हे ज्ञान मला तिच्यामुळे झालं. मंडळी यायच्या अर्धा तास आधी ती खिडक्या बंद करून बोंबील जाळीवर धरायची. मग दार उघडून हसतमुखाने, या, बसा, चहा घेणार का, असं स्वागत. कोणाशी वावगा शब्द नाही. बिचारी मंडळी पदर नाकाला लावून घर बघायची. एक वयस्क बाई तर जाताना तिची समजूत काढून गेल्या, बहेन, घर सारू छे, पण आपल्याला नाही जमणार. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. नवरा मात्र दारात उभा राहून लालबुंद व्हायचा, आणि ते बघायला मी मुद्दाम दार किलकिलं ठेवायची.

एकदा त्याने मलाच साक्षीला ओढलं. वहिनी, खरं सांगा, असा वास रोज येतो का? मी म्हटलं, "तुम्ही कोर्टात तसं लिहून दिलंय ना?" आमच्या ह्यांनी मला नंतर झापलं. आपण ब्राह्मण, आपल्याला काय करायचंय? मी त्यांना म्हटलं, मला पुष्कळ करायचंय.

नवऱ्याने वकिलाचं पत्र पाठवलं, की घराचा भाव मुद्दाम पाडला जात आहे. सुमनने ते माझ्यासमोर टराटरा फाडलं. "घर निम्मा तेचा असात. वास सगळो माजो. वासाक सातबारो लागना नाय."

या सगळ्यात मनीषाचे हाल झाले. ती नववीत होती. एका संध्याकाळी ती ओला युनिफॉर्म घेऊन माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, हा तुमच्या गॅलरीत वाळत घालू? माझ्या बाजूची मुलगी बाक बदलून बसली." मी तो तिच्या हातातून घेऊन दोरीवर टाकला. रात्रीची जेवणं व्हायच्या आत मी सुमनला जाऊन सांगितलं, की पोरीसाठी तरी थांबव आता.

"वास चार दिसांनी जाता, वैनी," ती म्हणाली. "घर गेला काय परत येना नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः पहाटे उठून युनिफॉर्म दोनदा धुवायची आणि आमच्या गॅलरीत आणून घालायची. बोंबील थांबले नाहीत.

वर्ष संपायला महिना उरला तेव्हा एकच बोली शिल्लक होती, एका दलालाची, आणि ती पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी वर. सुमनने भावाला बोलावून पैसे उभे केले. सहीसाठी नवरा रविवारी दुपारी घरी आला. साक्षीदार म्हणून मी होतेच.

त्या दिवशी घर लख्ख होतं. खिडक्या उघड्या, पडदे धुतलेले, फरशीला फिनेलचा वास. तो त्याच्या जुन्या खुर्चीवर बसला, दाखवलं तिथे सह्या केल्या, पैसे घेतले. तो थकलेला दिसत होता, जेवून आला नव्हता हेही दिसत होतं. मुलं आतल्या दाराशी उभी होती. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि किती वर्षांनी गावच्या भाषेत बोलला.

"आज बोंबील नाय भाजलंस?"

"संपले," सुमन म्हणाली.

मी बसले होते तिथून फळीवरचा डबा सरळ दिसत होता. झाकण लागत नव्हतं इतका भरलेला. त्यालाही तो दिसला असणार, कारण तो तसाच उठला, मनीषाच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, आणि ती मागे सरकली तसा हात खिशात घालून बाहेर पडला.

तो पहिल्या वळणावर पोचला नसेल, तेवढ्यात सुमनने गॅस पेटवला. दोन मोठे बोंबील जाळीवर टाकले आणि जिन्याकडचं दार सताड उघडलं. वास खाली जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. आम्ही सगळे ऐकत होतो. सुमन चिमट्याने बोंबील उलटत होती, अगदी मन लावून, त्याला लागायचे तसे कुरकुरीत होईपर्यंत.

थोड्या वेळाने पावलं पुन्हा खाली उतरू लागली.

सुमन गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. घर मनीषाच्या नावावर आहे. पुढे कधी तरी मी सुमनला विचारलं होतं, तेव्हा दया नाही का आली? तिने सरळ सांगितलं, की आली होती, म्हणूनच दार उघडं ठेवलं, निदान वास तरी त्याला मिळावा, नाहीतर बंद ठेवून मुलांना ताट वाढलं असतं. त्या दुपारी मात्र तिने मुलांना पाटावर बसवलं, दोन्ही बोंबील मनीषाच्या ताटात घातले आणि म्हणाली, "खा. आजपासून फक्त भूक लागली म्हणान भाजूचे."