पेज आलं, आवाज राहिला

बायको गेल्यावर तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. कर्वेनगरमधल्या तिच्या कॉलेजच्या वेबसाइटवर, नव्या मुलांसाठी तिने केलेल्या एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेच्या, पहिल्या धड्यात. मजकुराच्या वर एक पट्टी होती. पट्टी दाबली की बायको स्वतःच्या आवाजात धडा वाचून दाखवायची. उन्हाळ्यात कॉलेजने कळवलं, वेबसाइट ज्यावर होती तो जुना सर्व्हर बंद होणार.

मी जन्मभर मराठी शिकवलं. संगणक तिचा प्रांत. तो धडा ऐकत ऐकतच मी शिकलो. टोकदार कंसातला शब्द म्हणजे टॅग. परिच्छेद सुरू करताना एक टॅग, संपवताना तोच, आत तिरकी रेघ घालून. "उघडलंत ते बंद करा, घरच्या नळासारखं," असं ती म्हणायची. शीर्षकाचा टॅग वेगळा, ठळक अक्षरांचा वेगळा. एवढं कळल्यावर मी पेज सेव्ह केलं, पेनड्राइव्हवर घेतलं, उघडून पाहिलं. आवाज आला. मी निश्चिंत झालो.

सर्व्हर बंद झाल्यावर पुन्हा उघडलं. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. पट्टी दाबली. काहीच नाही.

कॉलेजात गेलो. संगणक विभागातल्या बाईंनी फाइल उघडून ऑडिओच्या टॅगवर बोट ठेवलं. आत अवतरणचिन्हांत एक लांबलचक पत्ता होता.

"काका, टॅगमध्ये आवाज नसतो. तो कुठे ठेवलाय, तेवढंच असतं. पेज उघडलं की ब्राउझर तिथून आणतो."

"मी उघडलं तेव्हा आला होता."

"तेव्हा सर्व्हर चालू होता."

"आणि आता?"

"मशीन पुसून भंगारात गेलं."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "नोटीस लावली होती. आपण पत्ता उतरवून नेलात, बिऱ्हाड तिथेच राहिलं."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. पण ते खोटं बोलले नव्हते.

आता तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करतो. कुणी तो आवाज वेगळा उतरवून घेतला होता का, विचारतो.

"अहो काका, मॅडमचा धडा आहे ना माझ्याकडे. अख्खं पेज सेव्ह केलंय."

पेज म्हणजे आवाज नव्हे, हे मी त्यांना सांगत नाही. पाठव, म्हणतो. फाइल येते. मी उघडतो, पट्टी दाबतो आणि कान लावून बसतो.